वजन काट्याचं, मूठ मावशींची

ऑनलाइन दुकान काढलं की दोन गोष्टी साठत जातात. परत आलेली पाकिटं आणि किस्से! पाकिटं निदान रॅकवर तरी रचता येतात, किस्से कुठे ठेवायचे? मग वसईजवळच्या आमच्या नायगावच्या सोसायटीत हळदीकुंकू असो की पाण्याच्या टँकरवरून तापलेली मीटिंग, कोणीतरी म्हणतंच, "सुचेता, तुझ्या बोंबलांचं काय नवीन?" आणि मी सुरू होते. नवरा पहिल्याच वाक्याला उठून चहा टाकायला जातो. त्याला सगळे पाठ झालेत.

आधी मंडळी सांगून टाकते. आम्ही तिघं. मी सोळा वर्षं एका एक्स्पोर्टच्या ऑफिसात फॉर्म भरले. मग ऑफिस दुसऱ्या शहरात गेलं आणि मी नायगावातच राहिले. दुसऱ्या अर्नाळ्याच्या हिरामावशी. वसईच्या बाजारात मी वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच सुकी मासळी घ्यायचे. आता त्यांचे सुके बोंबील आणि जवळा आम्ही एका मोठ्या वेबसाइटवर विकतो. तिसरे पाटीलकाका. कामणला त्यांची भातशेती. त्यातल्या एका तुकड्यावर त्यांनी गोदामाचे गाळे बांधले, आणि त्यातला सगळ्यात छोटा गाळा आमचा. काका खरं तर गाळ्याचे मालक, पण हात बांधून बसणं त्यांच्या स्वभावात नाही. पहिल्याच आठवड्यात ते चिकटपट्टी घेऊन पॅकिंगला बसले ते अजून उठलेले नाहीत.

*

हिरामावशींना ऑनलाइनचं समजावायला मी अर्नाळ्याला गेले, तेव्हा त्या बांबूंवर बोंबील टांगत होत्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी बांबूवर टाकायची. हात एकदाही थांबत नव्हते.

मी मोबाइल पुढे केला. "मावशी, लोक यात फोटो बघणार, बटण दाबणार, आणि आपण माल घरी पाठवणार."

त्यांनी मोबाइल घेतला, नाकाशी नेला, हुंगला आणि परत दिला.

"वास कुठं हाय?"

"वास नसतो मावशी, नुसता फोटो असतो."

"वास न घेता बोंबील घेतात?" मावशींनी कपाळाला हात लावला. "मंग लग्नं पन अशीच करत असतील!"

"करतात ना मावशी. त्याच्या पण साइट आहेत!"

यावर त्या इतक्या हसल्या की हातातली जोडी सुटून वाळूत पडली. त्याच हसण्यात त्यांनी होकार दिला. अट एकच. वजन त्याच करणार आणि पाकिटंही त्याच बंद करणार. त्यांच्या मासळीला दुसऱ्याचा काटा लावायचा नाही. मी आनंदाने पाकिटं बंद करायचं मशीन आणि 'निव्वळ वजन ४०० ग्रॅम' असं छापलेली पाकिटं त्यांच्या हवाली केली. एवढी सोपी अट आपल्याला कुठे नेऊन ठेवणार आहे, हे तेव्हा कळायला हवं होतं!

*

पहिला प्रश्न फोटोचा. वेबसाइटवाले सांगतात, पांढऱ्या पार्श्वभूमीवर वस्तू ठेवा. मी चादर अंथरली, बोंबील मांडले. मावशी म्हणाल्या, "नुसते बोंबील? कोनाचे हायत ते कसं कलनार?" आणि घरात गेल्या. वीस मिनिटांनी बाहेर आल्या त्या लग्नकार्यातलं हिरवं लुगडं नेसून, गळ्यात सोनं आणि केसांत अबोलीचा गजरा घालून! हातात बोंबलांची जुडी अशी धरली होती की जणू ट्रॉफीच.

पांढरी पार्श्वभूमी वगैरे मी विसरले. तोच फोटो टाकला.

दुसऱ्या दिवसापासून चौकशा सुरू. मी हरखून एकेक उघडत गेले. पहिलीनं विचारलं होतं, "हे लुगडं कुठे मिळेल?" दुसरीनं विचारलं होतं, "अशा रंगात जांभळी किनार आहे का?" तिसरीला गळ्यातल्या दागिन्याचं डिझाइन हवं होतं. आठवडाभर असंच. बोंबलांबद्दल विचारणारा एकच माणूस निघाला, त्यानं लिहिलं होतं, "बाईंच्या हातातलं ते काय आहे?"

*

आमच्या शेजारच्या गाळ्यात गाद्यांचं गोदाम आहे. त्यांचा मॅनेजर एक दिवस नाकाला रुमाल लावून आला. "काका, आमच्या गाद्यांना वास लागतोय."

काका पाकिटावर पट्टी मारत होते. मान वर न करता म्हणाले, "गादी झोपायला असते का हुंगायला?"

मॅनेजर गेला. वासाची खरी बातमी मात्र मांजरांना आधी लागली होती. एक आली, मग तिनं बहिणीला आणलं असावं, मग सगळी आळीच आली. कामणच्या मांजरांना आमचा पिनकोड पाठ झाला! काकांनी हुसकावायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला आणि नावं ठेवली. सगळ्यात लठ्ठ बोक्याचं नाव मॅनेजर. त्यामुळे गाद्यांच्या गोदामात आजही ऐकू जातं, "ए मॅनेजर, उतर खाली, तुझ्या बापाचं पार्सल आहे का ते!"

आणि खरा मॅनेजर? तो दर महिन्याला जवळ्याची दोन पाकिटं नेतो. घरी आवडतो म्हणे. रुमाल आता खिशातच असतो.

*

आमच्या टॉवरमध्ये, बरोबर माझ्या वरच्या मजल्यावर, सावंतवहिनी राहतात. एक दिवस त्यांनी मला लिफ्टमध्ये मोबाइल दाखवला. "हे बघ, माझं पार्सल भिवंडीला पोचलं!" चेहऱ्यावर अगदी मुलगा पहिल्यांदा परगावी गेल्याचा भाव.

मी सहज विचारलं, "काय मागवलंत?"

"बोंबील. तुझेच!"

म्हणजे बघा. मासळी अर्नाळ्याची. ती माझ्या गाडीतून कामणला गेली. तिथून कुरियरच्या टेम्पोतून भिवंडीला. तिथे दोन दिवस विश्रांती. मग कुठल्या तरी गोदामातून फिरून ती पुन्हा वसईला येणार, आणि पाचव्या दिवशी माझ्याच डोक्यावरच्या घराची बेल वाजणार!

"अहो वहिनी, मला सांगायचंत ना! जिन्यानं आणून दिलं असतं."

वहिनींचा चेहरा उतरला. "मग हे कसं दिसलं असतं?" म्हणून त्यांनी मोबाइलवरचा तो हळूहळू सरकणारा निळा ठिपका मला पुन्हा दाखवला.

*

परत आलेल्या पाकिटांसोबत वेबसाइट कारणही कळवते. गिऱ्हाइकानं यादीतलं एक कारण निवडायचं असतं. ही यादी कपड्यांसाठी बनवलेली असावी, कारण एकदा जवळ्याचं पाकीट परत आलं आणि कारण होतं, "साइझ लहान आहे."

मावशींना फोनवर सांगितलं. पलीकडून आवाज आला, "जवला हाय तो! मोटा पायजे तर कोलंबी घे म्हनावं!"

दुसऱ्या एका गिऱ्हाइकानं एक स्टार देऊन लिहिलं, "प्रॉडक्टला वास येतो." आमच्याकडे असल्या तक्रारीला उत्तर लिहायची पद्धत आहे. मी नम्रपणे, 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' वगैरे सुरुवात केली होती. तेवढ्यात फोन आला आणि मी बाहेर गेले. परत येऊन बघते तर काकांनी ते खोडून आपलं उत्तर पाठवूनही दिलं होतं. एकच ओळ.

"येत नसेल त्या दिवशी कळवा."

मी डोकं धरून बसले. पण त्या उत्तराला जेवढे लाइक मिळाले, तेवढे आमच्या कुठल्या बोंबलाला आजतागायत मिळालेले नाहीत.

*

इथवरचे किस्से हसण्याचे. आता ज्यानं आमच्या तोंडचं पाणी पळवलं तो सांगते.

कुरियरच्या गोदामात प्रत्येक खोकं सरकत्या पट्ट्यावरून जाताना आपोआप तोललं जातं. आम्ही लिहिलेलं वजन आणि पट्ट्यावरचं वजन जुळलं पाहिजे. आमचं पाकीट चारशे ग्रॅमचं, खोकं सत्तरचं. म्हणजे अर्ध्या किलोच्या आत. तेच आम्ही लिहायचो. एक दिवस वेबसाइटकडून लाल अक्षरात ताकीद आली. 'आपण वजन कमी दाखवले आहे.' पंधरा दिवसांनी दुसरी. तिसरीला दुकान बंद!

मी आकड्यांची बाई. सोळा वर्षांत माझ्या फॉर्मात एक शून्य इकडचं तिकडे झालं नव्हतं. आणि आता मला लबाड म्हणत होते! मी काकांवर चिडले. काकांनी आमच्या काट्याचे सेल बदलले. मग काट्यावर मिठाची पुडी ठेवून बघितली, वहाण ठेवून बघितली, शेवटी मॅनेजर बोक्यालाही ठेवून बघितलं. काटा चोख होता. बोका मात्र दुसऱ्या दिवशी आला नाही.

मग मी मावशींकडून आलेलं एक बंद पाकीट काट्यावर ठेवलं. चारशे अठ्ठावन्न. दुसरं ठेवलं. चारशे सत्तर. तिसरं, चारशे पंचावन्न. एकही पाकीट दुसऱ्यासारखं नाही, आणि एकही चारशेचं नाही!

कोडं सुटायला अर्धं मिनिट लागलं. मी स्वतः इतकी वर्षं बाजारात मावशींसमोर पिशवी धरून उभी राहिलेली आहे. काटा बरोबर झाला की पारडं पिशवीत रिकामं करायचं, आणि मग टोपलीतली एक मूठ वर टाकायची. न मागता. न बघता. ती मूठ पिशवीत पडल्याशिवाय मीही कधी पिशवी मिटली नव्हती!

तशीच उठून अर्नाळ्याला गेले. मावशींना सगळं समजावलं. पट्टा, ताकीद, तिसरीला दुकान बंद. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"वजन मी बरोबरच करते," त्या म्हणाल्या. "चारशेला एक काडी इकडंतिकडं नाय."

"पण मावशी, वर मूठ टाकता ना!"

"वजन काट्याचं. मूठ माझी. तिचा काट्याशी काय संबंध?"

मला वाटलं, मी मोठी हुशार. म्हटलं, "मग असं करा. साडेतीनशेच तोला, आणि वर मूठ टाका. चारशे होतील. तुमची मूठ पण राहील आणि माझं वजन पण."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांना चोरी शिकवत असल्यासारख्या.

"पोरी, त्याच्या वाटनीची मासली काडायची नि वरून मूठ म्हनून त्यालाच द्यायची? ती मूठ झाली का? ते तर वजनच झालं!"

यावर एक्स्पोर्टच्या ऑफिसात सोळा वर्षं काढलेली बाई पर्स उचलून कामणला परत आली.

*

काका म्हणाले, "वेबसाइटवाल्यांशी मी बोलतो. माणसंच आहेत ना ती!"

वेबसाइटच्या मदतकेंद्रात अनन्या नावाची मुलगी असते. आवाज गोड, पण प्रत्येक वाक्य पाठ केलेलं. काकांनी फोन स्पीकरवर टाकला आणि आपल्या हिंदीत तिला सगळं सांगितलं. बाजार, पारडं, पिशवी, मूठ.

"मैं आपकी परेशानी समझ सकती हूँ, सर," अनन्या म्हणाली. "लेकिन मुट्ठी का ऑप्शन सिस्टम में नहीं है."

"तो सिस्टम में क्या है?"

"ग्राम, किलोग्राम, पीस, जोड़ी..."

"जोडी है?" काका उसळले. "चप्पल का जोडी चलता है, और हमारा मुठ्ठी नहीं चलता?"

"मैं आपकी परेशानी समझ सकती हूँ, सर. क्या मैं आपकी और कोई सहायता कर सकती हूँ?"

"तुम जेवली का?" काकांनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर बहुधा तिच्या कागदावर नव्हतं. मग हळूच आवाज आला, "नहीं सर, अभी ब्रेक नहीं हुआ." आणि फोन कट झाला.

*

शेवटी मावशींनी माझं ऐकलं. म्हणाल्या, "बरं. नाय टाकत." आणि खरंच, पुढची सगळी पाकिटं चारशेला चारशे आली. मी एकेक तोलून बघितलं आणि अगदी खूश झाले. म्हणजे तसं स्वतःला सांगितलं.

कारण त्या मालाबरोबर नेहमीचं काहीच आलं नाही. एरवी प्रत्येक खेपेला मावशींचा व्हॉइस मेसेज यायचा. समुद्र कसा आहे, भाव काय, सुनेनं काय केलं, "तू लय बारीक झालीस, जवला खा." आता पाकिटं यायची, मेसेज नाही. फोन केला तर "हां", "बरं", "ठेवते."

तीन आठवड्यांनी त्यांनीच सांगितलं. "पोरी, हा माल संपू दे. मंग मी आपली बाजारात बसते. तिथं लोक माझं तोंड बगून घेतात, मी त्यांचं बगून देते. हितं मी कोनाला देते नि कोन घेतंय, काय कलत नाय. नुसतं तोलायचं तर मशीन हाय की."

मूठ टाकली तर दुकान बंद, आणि नाही टाकली तर मावशी बंद! मावशींशिवाय आमच्याकडे होतं काय? एक छोटा गाळा, एक चिकटपट्टी आणि अकरा मांजरं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपण मावशींचं काहीतरी मोडलं. आणि तेही फॉर्मात बसेना म्हणून.

*

आणि नेमकी त्याच आठवड्यात नागपूरची ऑर्डर गेली.

पाचव्या दिवशी आमच्या पानावर एक स्टार पडला. सोबत फोटो. स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर आमची मासळी, आकडा बरोबर ४००. खाली कोणा आजींनी मराठीत लिहिलं होतं.

"वजन केले. चोख चारशे ग्रॅम भरले. वर एक काडी नाही. माझे माहेर अर्नाळ्याजवळच्या आगाशीचे. लग्न होईपर्यंत अर्नाळ्याच्या बायकांकडूनच मासळी घेतली. इतके मोजून देणारी बाई तिथे मी जन्मात पाहिलेली नाही. फोटोत लुगडे नेसवून कोणालाही उभे करता येते. हा माल अर्नाळ्याचा नाही. फसवणूक आहे."

एवढ्यावर आजींनी थांबावं ना? नाही! त्यांनी यादीतलं सगळ्यात भयंकर कारण निवडलं होतं. 'वस्तू नकली आहे.'

झालं! वेबसाइटचं पत्र आलं. सात दिवसांत माल अस्सल असल्याचा पुरावा द्या, किंवा गिऱ्हाइकानं तक्रार मागे घेतली पाहिजे. नाही तर दुकान कायमचं बंद.

म्हणजे जास्त दिलं तर लबाड, आणि बरोबर दिलं तर भामटे! काका म्हणाले, "ताई, आता मुकाट्यानं मांजरंच विकू."

मी अर्नाळ्याला गेले आणि मावशींना आजींचं लिहिलेलं वाचून दाखवलं. सगळं. लुगड्याचंसुद्धा. मला वाटलं, त्या भडकतील. त्या हातातलं काम ठेवून खाली बसल्या. म्हणाल्या, "परत वाच." परत वाचलं. 'इतके मोजून देणारी बाई' इथे त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"आगाशीची हाय ती," मावशी म्हणाल्या. "बरोबर बोलते. मी असते तर मी पन हेच बोलले असते."

मग उठल्या. एक रिकामं पाकीट घेतलं, काट्यावर चारशे ग्रॅम बोंबील केले, पाकिटात भरले. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "टाका मावशी."

त्यांनी टोपलीत हात घातला आणि मूठ टाकली. न बघता. पाकीट बंद केलं आणि आजींना पाठवायला माझ्या हातात दिलं. मी काही ते तोललं नाही. काकांनी गाळ्यात तोललं, आणि आम्ही खोक्यावर वजन अर्धा ते एक किलोच्या रकान्यात लिहिलं. भाडं दुप्पट, पण खोटं काही नाही. पुढे आम्ही पाकिटावरच साडेतीनशे छापायला लागलो, म्हणजे काट्याचे साडेतीनशे आणि वर मावशींची मूठ. हे मला आधी सुचलं नाही, काकांना सुचलं. ते हे सगळ्यांना सांगतात.

राहिला पुरावा. फॉर्म उघडला. 'माल अस्सल असल्याचा पुरावा जोडा.' पर्याय होते बिल, ब्रँडचं प्रमाणपत्र, प्रयोगशाळेचा रिपोर्ट, इतर. सोळा वर्षं फॉर्म भरले, पण असा कधी भरला नव्हता. मी 'इतर' निवडलं आणि वेबसाइटनंच आम्हाला पाठवलेल्या त्या दोन लाल ताकिदी जोडल्या. 'आपण वजन कमी दाखवले आहे.' 'आपण वजन कमी दाखवले आहे.' खाली लिहिलं, 'माल अर्नाळ्याचाच असल्याचा याहून मोठा पुरावा आमच्याकडे नाही.'

दुसऱ्या दिवशी अनन्याचा फोन. "मॅम, आपने प्रूफ की जगह अपनी ही वॉर्निंग अटॅच कर दी है. गलती से?"

"नाही, मुद्दाम."

मला वाटलं, आता परेशानी समजणार. पण ती म्हणाली, "मैंने आगे भेज दिया है, मॅम. सीनियर बोले, कस्टमर अपनी कंप्लेंट वापस ले ले, तभी होगा." मग जरा थांबून, "और सर को बोलिए, आज मैंने टाइम पे खाना खा लिया."

चौथा दिवस. पार्सल भिवंडीतून निघालं. पाचवा दिवस. निळा ठिपका नागपुरात. आता मला सावंतवहिनींचं दुखणं कळलं. मी, काका आणि गाद्यांचा मॅनेजर, तिघं गाळ्यात बसून तो ठिपका बघत होतो. मावशींचे दिवसातून चार फोन, "पोचली का मूठ?" सहावा दिवस. 'पार्सल पोचते केले.' पानावर काही नाही. स्टार एकच.

सातव्या दिवशी दुपारी काका पाकिटावर पट्टी मारत होते. मी पान उघडलं. नकली मालाची तक्रार गेली होती. एका स्टारच्या जागी पाच होते. नवा फोटो होता, तोच स्वयंपाकघरातला छोटा काटा, त्यावर मासळी, आणि आकडा ४६३.

खाली आजींनी लिहिलं होतं, "वजन चुकले आहे. माल अस्सल."